सहामाही संपली: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? (बडोदा, छोटे कारखाने)

वाडीवाला (धागाकर्ता)

सप्टेंबरअखेरीस मकरपुरा, पोर-रमणगामडी, मंजुसर, वाघोडिया, कुठल्याही जीआयडीसीत (गुजरातची औद्योगिक वसाहत) जा. तीस-चाळीस माणसांच्या युनिटच्या मालकाचं चित्र एकच असतं. एप्रिलमध्ये ठरवलेली आठही कामं सुरू आहेत आणि पूर्ण एकही नाही. दिवसभर फोन, संध्याकाळी डिस्पॅच, रात्री उघराणीची यादी. धंदा बंद पडलेला नसतो, पण सरकतही नसतो. पहाटे उठा, ध्यान करा छापाचे सल्ले कृपया दुसऱ्या धाग्यावर. इथे आकडे आणि कृती हव्या आहेत.

चर्चा भरकटू नये म्हणून एक नमुना युनिट घेऊ. ३ व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रं), आठ-आठ तासांच्या २ पाळ्या, ३२ माणसं, स्विचगिअर आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग. वर्षाचं लक्ष्य ६ कोटी, पहिल्या सहामाहीत विक्री २.४ कोटी. कच्चा माल आणि बाहेरची कामं (हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग) वजा जाता हातात राहिले ९० लाख. उघडी जॉबकार्डं (हातात घेतलेली, न संपलेली कामं) ६०, आठवड्याला पूर्ण होतात ८. येणं ८० लाख, जीएसटीसकट. १ ऑक्टोबरला या मालकाने सगळ्यात आधी काय करावं?

लेथमास्तर

दिवस मोजावेत. बहुतेक जण उरलेले ३.६ कोटी भागिले ६ करतात, महिन्याला ६० लाख असा आकडा काढतात आणि तो फळ्यावर लिहून मोकळे होतात. पहिल्या सहामाहीत महिन्याला ४० लाख होत होते, आता ६० कुठून येणार याचं उत्तर कोणाकडेच नसतं. मग पंधरा दिवसांत फळ्याकडे बघणंच बंद होतं.

ऑक्टोबर ते मार्च १८२ दिवस. २६ रविवार गेले, राहिले १५६. मग २ ऑक्टोबर, दसरा, दिवाळी ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) धरून ६, उत्तरायणाचे (संक्रांतीचे) २, २६ जानेवारी, धुळेटी (धुळवड). एकूण १२. म्हणजे १४४ दिवस. एखादी सुट्टी रविवारी आली किंवा दसरा सप्टेंबरातच झाला तर एक-दोन दिवस इकडेतिकडे, पण त्याहून जास्त नाही. पहिल्या सहामाहीत साधारण १५२ मिळाले होते.

आता तास. ३ यंत्रं × १६ तास × १५२ दिवस = ७,२९६. प्रत्यक्ष कटिंग, म्हणजे धातू कापण्याचं काम, किती झालं ते यंत्रालाच विचारा. फॅनुक कंट्रोलवर टायमरच्या पानावर कटिंगचे तास दिसतात, महिन्याच्या पहिल्या तारखेला फोटो काढून ठेवायचा. समजा ४,१०० तास निघाले. म्हणजे ५६ टक्के. ९० लाख भागिले ४,१०० म्हणजे तासाला सुमारे २,१९५ रुपये. मालकाने पाठ करावा असा आकडा हाच.

उत्तरार्धात उपलब्ध तास ३ × १६ × १४४ = ६,९१२. त्याच ५६ टक्क्यांनी चाललात तर सुमारे ३,८८० तास, ८५ लाख, आणि कामांच्या त्याच मिश्रणात विक्री २.२७ कोटी. म्हणजे काहीच न बिघडता तुम्ही पूर्वार्धापेक्षा खाली जाता. ३.६ कोटी करायचे तर १.३५ कोटी हातात राहायला हवेत, म्हणजे ६,१५० तास, म्हणजे ८९ टक्के कटिंग. इतकी विविधता असलेल्या जॉबवर्कमध्ये ते होत नाही. ६५ टक्के होऊ शकतं: ४,४९३ तास, ९८.६ लाख, विक्री २.६३ कोटी. वर्ष ५.०३ कोटींवर बंद होईल. ६ कोटींचा आकडा १ ऑक्टोबरलाच पुसा. खोटा आकडा समोर असला की माणसं खऱ्या आकड्यासाठीसुद्धा धावत नाहीत.

रावपुरा

मास्तर, लक्ष्य खाली आणणं म्हणजे हार मानणंच झालं की. बँकेला काय सांगायचं?

लेथमास्तर

बँकेला ५ कोटीच सांगा. ६ सांगून ४.७ करण्यापेक्षा कर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी ते बरं दिसतं. आणि ६५ टक्केही फुकट येत नाहीत, त्यासाठी काय करावं लागतं ते लिहितो.

या प्रकारच्या युनिटमध्ये एका यंत्रावर दिवसाला दोनदा तरी सेटिंग बदलतं. एकेक बदल ९० मिनिटांचा धरला तर १६ तासांतले ३ तास गेले. त्या ९० मिनिटांत स्पॅनर फिरतो जेमतेम अर्धा तास. बाकी वेळ फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा साचा) शोधणं, होल्डरमध्ये टूल बसवणं, प्रोग्रॅम कुठल्या पेनड्राइव्हवर आहे ते विचारणं आणि पहिल्या नगाच्या तपासणीसाठी क्वालिटीवाल्याची वाट बघणं. म्हणून: पुढच्या जॉबचं फिक्स्चर, मोजून बसवलेली टूलं, इन्सर्ट (टूलची बदलायची पाती) आणि ड्रॉइंग एका ट्रॉलीवर, यंत्र थांबण्याच्या किमान एक तास आधी यंत्राशेजारी. टूलची लांबी प्रीसेटरवर (यंत्राबाहेर टूल मोजायचं उपकरण) आधीच मोजून लेबलवर लिहिलेली. पहिला नग आला की क्वालिटीवाल्याने हातातलं सोडून तो घ्यायचा, १० मिनिटांत होय किंवा नाही. एवढ्याने ९० ची ५० मिनिटं होतात. एका यंत्रावर दिवसाला ८० मिनिटं वाचली, म्हणजे ९६० मिनिटांच्या ८.३ टक्के. ५६ चे ६४-६५ असे होतात. नवं यंत्र नाही, नवा माणूस नाही.

बिघडतं कुठे? ट्रॉली दोन आठवडे चालते, मग ट्रॉलीवर इतर भंगार साठतं. ती भरायची जबाबदारी एकाच माणसाची हवी आणि त्याच्याकडून दुसरं काम काढून घ्यायला हवं. "सगळ्यांनी बघा" म्हटलं की संपलं.

आता कामांचं मिश्रण. टक्क्यांतला नफा बघून ऑर्डर घेऊ नका. एक नग ४०० रुपयांचा, माल आणि बाहेरचं काम २००, व्हीएमसीवर ८ मिनिटं. नफा ५० टक्के दिसतो, पण यंत्राच्या तासाला मिळतात १,५००. दुसरा नग १८० चा, माल १२०, व्हीएमसीवर १ मिनिट. नफा ३३ टक्के, तासाला ३,६००. पहिल्याने सरासरी खाली ओढली, दुसऱ्याने वर. चालू असलेल्या सगळ्या भागांची अशी यादी करा, दुपारभराचं काम आहे. तळाच्या पाच-सहा भागांना तीन वाटा: भाव वाढवून मागा, ती प्रक्रिया बाहेरून करून घ्या किंवा सोडा. जुनं गिऱ्हाईक आहे म्हणून ठेवायचं असेल तर ठेवा, पण महिन्याला किती रुपये सोडतोय ते लिहून ठेवा.

हे सगळं व्हीएमसी हीच अडचणीची जागा आहे असं धरून आहे. खात्री करायची तर शॉपमध्ये चक्कर मारा. अर्धवट मालाच्या ट्रॉल्या जिथे साचतात ती जागा. डिबरिंगच्या (कडांची कुसं काढण्याच्या) टेबलापुढे साचत असतील तर वरचं सगळं गणित डिबरिंगच्या तासांवर करा.

हिशेबनीस

मास्तरांशी सहमत, पण सहामाहीत मालकाचं लक्ष खरं उडतं ते पैशामुळे. गल्ला रिकामा असलेला माणूस ट्रॉलीबद्दल ऐकत नाही.

आधी येणं नीट मोजा. ८० लाख भागिले २.४ कोटी गुणिले १८३ केलं की ६१ दिवस येतात आणि घबराट होते. येण्यात जीएसटी आहे, विक्रीत नाही. १८ टक्के धरून विक्री २.८३ कोटी घ्या, ५२ दिवस येतात. दोन्हीकडे एकच माप वापरा.

मग वयोमान: ४५ दिवसांपर्यंत, ४६ ते ९०, ९० च्या वर. तिसरा रकाना सगळ्यात महाग, कारण बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवर (किती उचल करता येईल ती मर्यादा) काढताना ९० दिवसांवरची येणी धरत नाहीत. मार्जिन (बँक न धरणारा हिस्सा) २५ टक्के असेल तर १० लाखांचं बिल ९१ व्या दिवशी तुमची साडेसात लाखांची उचल कमी करतं. पैसे आले नाहीत ते नाहीत, वर लिमिटही घटली.

उघराणीचा फोन बिलाची मुदत संपल्यावर करतात, तो मुदतीच्या आधी करायचा. माल पोहोचल्यावर सातव्या दिवशी गिऱ्हाइकाच्या अकाउंट्सला एकच प्रश्न: बिल नोंदवलं का? रखडलेल्या बिलांत मोठा वाटा न नोंदवलेल्या बिलांचा असतो. पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर चुकला, टेस्ट सर्टिफिकेट जोडलं नाही, आवक नोंद झाली नाही, दोन नग कमी मोजले. हे साठाव्या दिवशी कळलं तर मुदत जणू तिथून सुरू होते.

ऑक्टोबरात छोट्या पुरवठादाराच्या हातात एक गोष्ट असते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं ४५ दिवसांच्या वर थकवलेल्या कंपन्यांना एप्रिल-सप्टेंबरचं एमएसएमई-१ विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत भरावं लागतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळ्या कंपनी-गिऱ्हाइकांना बाकीपत्र पाठवा, त्यावर उद्यम नंबर (लघुउद्योग नोंदणीचा) ठळक. धमकीची भाषा नको, "आमची नोंद तपासून कळवावी" एवढंच. शिवाय मार्चअखेर ४५ दिवसांची (लेखी करार नसेल तर १५ दिवसांची) मुदत ओलांडून थकलेलं देणं गिऱ्हाइकाला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी देईल त्या वर्षी धरता येतं. हा नियम आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू आहे. तो तुम्हालाही लागू आहे बरं का: तुमचा प्लेटिंगवाला लघु उद्योगात नोंदलेला असेल तर मार्चात त्याचेही पैसे चुकते करा.

थकबाकीची सरकारकडे तक्रार करायची तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ, असा हक्क कायद्यात आहे. पण ते शेवटचं पान. ते गिऱ्हाईक सोडायची तयारी असेल तरच उघडायचं. त्याआधी ट्रेड्स (बिलं वटवण्याची ऑनलाइन व्यवस्था) बघा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची केली होती. गिऱ्हाइकाने बिल मान्य केलं की बँक ते वटवते आणि व्याज गिऱ्हाइकाच्या पतीप्रमाणे लागतं. अडचण मान्य करण्याचीच असते, नोंदणी असूनही बिल चढवत नाहीत. खरेदीवाल्याकडे न जाता फायनान्सवाल्याकडे मागणी करा.

मांजलपूरकरीण

मास्तरांचे १४४ दिवस कागदावरचे आहेत. माणसं किती दिवस येतात ते वेगळं.

नवरात्रात बडोद्याचा गरबा मध्यरात्रीपर्यंत, घरी पोहोचायला दीड. सकाळी ७ च्या पाळीला हजेरी घसरणारच. त्या नऊ दिवसांपुरती पहिली पाळी ९ ला सुरू केली तर तासांचं नुकसान कमी होतं, आणि अर्ध्या झोपेत फोडलेली टूलंही वाचतात.

दिवाळीचं गणित आणखी चुकतं. लाभपाचमेला मुहूर्त करून शेठ यंत्र सुरू करतात. छठ असते षष्ठीला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, आणि ती सप्तमीच्या सकाळी संपते. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातला ऑपरेटर त्यानंतर गाडीत बसतो. पंचमीला नारळ फुटतो आणि यंत्रावर माणूस येतो दशमीच्या सुमाराला. होळीला हेच दाहोद, छोटा उदेपूर, पंचमहालच्या मदतनिसांचं. धुळेटीची एक सुट्टी तुम्ही धरलीत, तिकडे आठवडा जातो.

उपाय आधी विचारण्याचा आहे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांचं झालंय. म्हणून दिवाळीच्या ७०-७५ दिवस आधीच प्रत्येकाची जायची आणि यायची तारीख लिहून घ्या, परतीचं तिकीट ऑफिसने काढून द्या. परतीचं तिकीट हातात असलेला माणूस साधारण त्या दिवशी येतो. तिकीट नसलेला जागा मिळेल तेव्हा येतो, त्यात त्याचा काय दोष? यंत्रागणिक निदान एक स्थानिक ऑपरेटर छठपर्यंत हजर राहील अशी वाटणी करा. बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के, हिशेबाचं वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांत, म्हणजे मार्चअखेरच्या वर्षाला ३० नोव्हेंबरपर्यंत. लोक दिवाळीआधी मागतात आणि तेव्हाच द्यावा. परत येण्यासाठी बोनस अडवून ठेवू नका, तो त्यांचा हक्काचा पैसा आहे. हवं तर ठरलेल्या तारखेला हजर होणाऱ्याला वेगळा भत्ता द्या.

हिशेबनीस

ताईंचा मुद्दा पैशाच्या अंगानेही महत्त्वाचा. दिवाळीत दहा-बारा दिवस डिस्पॅच थंड, त्याचा खड्डा बँकेत दिवाळीत दिसत नाही. ५०-६० दिवसांची उधारी असेल तर तो डिसेंबरअखेर ते जानेवारीत दिसतो. मालकाला वाटतं जानेवारीत मंदी आली. मंदी वगैरे काही नसतं. आणि त्याच्या थोडंसं आधी, १५ डिसेंबरला, आगाऊ कराचा हप्ता असतो: सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के भरलेले, डिसेंबरपर्यंत ७५ व्हायला हवेत. एका दमात वर्षाच्या कराचे ३० टक्के. बोनस, कर आणि आटलेली वसुली एकामागोमाग. डिसेंबरात डोकं ठिकाणावर ठेवायचं असेल तर हे ऑक्टोबरात कागदावर यायला हवं.

सुरसागर

अलकापुरी-गोत्रीकडच्या सेवाधंद्यांना यातलं किती लागू? डिझाइन ऑफिस, सल्लागार, छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या. आमच्याकडे स्पिंडल (यंत्राचा फिरता दांडा) नाही.

लेथमास्तर

तुमचा स्पिंडल म्हणजे सही करणारा वरिष्ठ. बाकी सगळे काम करून त्याच्या टेबलावर ठेवतात आणि तो मालकच असतो. त्याचे आठवड्याचे बिल लावता येणारे तास मोजा, ६० दिवसांहून जुने प्रस्ताव एक शेवटचा फोन करून बंद करा, तपासणीचे दोन ठरावीक दिवस ठेवा. बाकी गणित तेच.

वाडीवाला

मालकाच्या स्वतःच्या वेळाबद्दल कोणी काही लिहिलं नाही. आणि त्या आठ योजनांचं काय करायचं? ईआरपी (सगळ्या कारखान्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर), नवं उत्पादन, वेबसाइट, आयएसओचं ऑडिट, चौथं व्हीएमसी...

मांजलपूरकरीण

वेळेबद्दल: सोमवार ते शुक्रवार अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद, चारच खुणा. गिऱ्हाईक, पैसा, शॉपमधली अडचण, आणि दुसऱ्याने घेता आला असता असा निर्णय. चौथी खूण सगळ्यात जास्त निघते. मग एका पानावर हद्दी लिहा: फोरमनने २५,००० पर्यंतची खरेदी न विचारता करावी, विक्रीवाल्याने २ टक्क्यांपर्यंत सूट द्यावी, क्वालिटीने ठरावीक रकमेपर्यंतचा माल स्वतः नापास करावा. हे पान भिंतीवर. आणि फोरमनने चुकीचा इन्सर्ट आणला तर चारचौघांत तो निर्णय फिरवायचा नाही, दुसऱ्या दिवशी एकट्याला सांगायचं. एकदा फिरवला की पुढचे तीन महिने प्रत्येक प्रश्न पुन्हा मालकाच्या फोनवर.

व्हॉट्सअ‍ॅपचे गटही मोजा. डिस्पॅच, क्वालिटी, पैसे, एवढे तीन पुरतात. बाकीचे विलीन करा.

हिशेबनीस

योजनांबद्दल: आठपैकी दोन ठेवा, सहा थांबवा आणि प्रत्येकीपुढे पुन्हा बघायची तारीख लिहा. तारीख नसली की थांबवलेली योजना मागच्या दाराने परत येते. कुठली ठेवायची ते तारखाही सांगतात. ईआरपी जानेवारी-मार्चमध्ये सुरू करू नका, १ एप्रिलला आरंभीच्या शिलकीसह सुरू करा आणि उत्तरार्धात फक्त भागांच्या याद्या आणि स्टॉक साफ करा. ते कंटाळवाणं काम आहे आणि ईआरपी तिथेच आपटतात. चौथं व्हीएमसी: १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या यंत्राला त्या वर्षी घसारा निम्माच, १५ च्या जागी साडेसात टक्के. ऑक्टोबरचा पहिला आठवडा गेला की करासाठी घाई करण्याचं कारण उरत नाही. आणि ५६ टक्के चालणारी तीन यंत्रं असताना चौथं घेणं म्हणजे मास्तरांना चिडवणं.

लेथमास्तर

चिडलोच. चौथं घेतलं की चारही ४२ टक्क्यांवर येतात.

आता ती ६० जॉबकार्डं. एमआयटीचे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं साधं सूत्र आहे: आत असलेली कामं भागिले बाहेर पडण्याचा वेग म्हणजे लागणारा वेळ. ६० भागिले ८, साडेसात आठवडे. ४० वर आणलीत तर ५ आठवडे, तेवढ्याच माणसांत. उशीर कमी, चौकशीचे फोन कमी, मध्येच यंत्र सोडवून "तातडीचं" लावणं कमी. मालकाचं डोकं शांत होण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. नियम: एक कार्ड बाहेर गेलं की एक आत. तातडीची लाल चिठ्ठी एका वेळी तीनच, चौथी लावायची तर आधीची एक काढावी लागेल आणि कोणती ते विक्रीवाल्याने सांगायचं.

रावपुरा

४० करायची तर कुठली २० बाहेर काढायची? सगळीच गिऱ्हाइकं ओरडतात. आणि हिशेबनीस, तो ऑक्टोबरचा कागद म्हणजे नेमका कसा?

हिशेबनीस

ऑक्टोबर ते डिसेंबर १३ आठवडे, म्हणून १३ रकाने. वरच्या ओळीत आठवड्याच्या सुरुवातीची बँक शिल्लक आणि न वापरलेलं सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट. मग जमा: गिऱ्हाईकवार, मोठी दहा नावं वेगळी आणि बाकीची एका ओळीत. मग खर्च: पगार, ७ ला टीडीएस, १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला जीएसटी, वीजबिल, कर्जाचे हप्ते, बोनस, १५ डिसेंबरचा कर, पुरवठादार. जमेच्या बाजूला बिलाची मुदत लिहू नका, ते गिऱ्हाईक सवयीने ज्या दिवशी देतं तो दिवस लिहा. मोठ्या कंपन्यांचे पैसे सोडण्याचे दिवस ठरलेले असतात, दिवाळीच्या आठवड्यात येणारे पैसे त्याआधीच्या फेरीत नाही बसले तर थेट लाभपाचमेनंतर. दर शुक्रवारी गेल्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी लिहून एक नवा आठवडा जोडायचा. पहिले तीन आठवडे अंदाज भयंकर चुकतो. तेव्हा कागद फेकू नका, चौथ्यापासून सुधारतो.

लेथमास्तर

रावपुरा, कार्डं काढताना अर्धवट कटिंग झालेली काढू नका, त्यांत माल आणि मजुरी अडकलेली आहे. ती आधी संपवा. पहिली बाहेर काढा माल न आलेली, मग ड्रॉइंगवर शंका असलेली, मग बाहेरून फिक्स्चर येण्याची वाट बघणारी. साठापैकी पंधरा-अठरा तरी या तीन प्रकारांतच निघतील, ती तशीही चालू नव्हती, नुसती फळ्यावर होती. उरलेली दोन-तीन तासामागे सगळ्यात कमी देणाऱ्या भागांची. गिऱ्हाइकाला त्याच दिवशी लेखी नवी तारीख द्या, आणि ती दशमीच्या आधीची देऊ नका, ताईंनी वर सांगितलंय का ते.